इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत: वाटेत गळणारी ताकद कशी वाचवावी

गोव्यातले केरी सोडून चोर्ला घाटाला लागले की माझी जुनी व्हॅन दुसऱ्या गिअरवर यायची आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागायच्या. मी सहा महिने इंजिनाच्या मागे लागलो. प्लग बदलले, फिल्टर बदलला, कॉम्प्रेशन तपासून घेतले. सगळे ठीक निघाले, गाडी मात्र ओढेना. शेवटी साखळी गावातल्या एका वयस्क मेस्ताकडे, म्हणजे मिस्त्रीकडे, गेलो. २०१२ मध्ये खाणी बंद पडेपर्यंत त्यांचे निम्मे आयुष्य खनिजाच्या टिपरांखाली गेले होते. त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. गाडी सपाट जागेवर न्यूट्रलमध्ये ठेवायला लावून त्यांनी ती खांद्याने ढकलून पाहिली आणि म्हणाले, “इंजिनाला कशाला दोष देता? तुमच्या गाडीला मागून कोणीतरी धरून ठेवले आहे.”

त्यानंतर काय काय केले, कोणत्या क्रमाने केले आणि कुठे चुकलो, ते येथे सविस्तर लिहीत आहे. ओम्नी, इको, बोलेरो, सुमो, जिप्सी किंवा छोटा टेंपो अशी मागच्या चाकांवर चालणारी गाडी ज्यांनी नुकतीच, विशेषतः जुनी, घेतली आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे.

ताकद जाते कुठे?

इंजिनातून निघालेली ताकद क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस म्हणजे वळते सांधे, मागच्या हाउसिंगमधले (मागच्या चाकांमधल्या लोखंडी कवचातले) क्राऊन-पिनियन ही दातेरी चाकांची जोडी, अ‍ॅक्सल आणि हबची बेअरिंगे या वाटेने चाकांपर्यंत पोहोचते. या वाटेवर साधारण १५ टक्के ताकद जाते असे ढोबळमानाने धरतात. हा आकडा प्रत्येक गाडीला लागू पडेल असा नव्हे, पण अंदाजाला पुरतो. ३५ हॉर्सपॉवरच्या गाडीत १५ टक्के म्हणजे सव्वापाच हॉर्सपॉवर, अर्थात जवळजवळ चार किलोवॉट. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना घरातले दोन मोठे गिझर चालावेत एवढी उष्णता गाडीखाली तयार होत असते.

यातला काही भाग टळणारा नाही. दातांवर दात घासणार आणि तेल घुसळले जाणार. ते पैसे खर्चूनही फारसे कमी होत नाही. कमी करता येतो तो हयगयीमुळे वर चढलेला भाग. म्हणून माझा सल्ला असा की काम चाकापासून सुरू करून इंजिनाकडे सरकावे. चाकाकडची कामे स्वस्त असतात, घरी करता येतात आणि जुन्या गाडीत बहुतेक फरक तिथेच सापडतो. गॅरेजमध्ये मात्र नेमके उलटे घडते: आधी क्लचप्लेट बदलली जाते आणि ब्रेककडे सगळ्यात शेवटी पाहिले जाते.

जवळ काय असावे

कागदांमध्ये गाडीचे मालकपुस्तक किंवा सर्व्हिस मॅन्युअल सर्वांत महत्त्वाचे. तेलाचा ग्रेड, तेलाचे माप आणि बोल्टचा टॉर्क यांसाठी दुसऱ्या कोणाच्याही आठवणीवर विसंबू नये. आरसी, विमा, पीयूसी आणि आधीच्या कामांच्या पावत्या एका फाइलमध्ये ठेवाव्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. तेल, बेअरिंग, सील (तेल अडवणारी कडी) किंवा क्रॉस बदलण्याचा त्याच्याशी संबंध नाही. मात्र कोणी इंजिन बदलून देण्याची भाषा करू लागला तर हे कलम आठवावे.

हत्यारांत मजबूत जॅक, दोन अ‍ॅक्सल स्टँड, चाकांना लावायचे लाकडी ठोकळे, रिंग पान्यांचा संच, टॉर्क पाना, ग्रीस गन, हवा मोजायचे गेज, तेल काढायचा ट्रे आणि दुरून तापमान दाखवणारी इन्फ्रारेड गन हवी. स्टॉपवॉच आणि कोन मोजायचे अ‍ॅप मोबाइलवर मिळते. शिवाय एक वही ठेवावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. स्टँड नसतील तर काम पुढच्या रविवारपर्यंत थांबवावे.

१. आधी मोजा, मग हात लावा

सुमारे ३०० मीटरचा सरळ, सपाट आणि निर्मनुष्य रस्ता शोधावा. मी पहाटे सड्यावरचा (कातळी पठारावरचा) एक रस्ता वापरतो, कारण त्या वेळी वारा पडलेला असतो. आधी दहा-पंधरा किलोमीटर चालवून गाडी गरम करावी. मग ताशी ४५ किलोमीटरचा वेग घेऊन न्यूट्रल करावे आणि ४० वरून २० वर यायला किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्या माणसाकडून मोजून घ्यावे. दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा मोजून सरासरी काढावी. इंजिन चालूच ठेवावे. ते बंद केले तर ब्रेक जड होतात आणि चावी काढली गेली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकते. ही चाचणी घाटउतारावर कोणीही करू नये.

माझ्या व्हॅनचा पहिला आकडा १९ सेकंद आला. हा आकडा दुसऱ्याच्या गाडीशी ताडून पाहण्यात अर्थ नाही, कारण त्यात हवेचा विरोध आणि टायरही आले. तो आपल्याच गाडीच्या आधीच्या आकड्याशी ताडायचा असतो, तोही टायरमधली हवा सारखी असताना. म्हणून थंड टायरमध्ये दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरून घेणे हे या पायरीतच येते.

एक मर्यादा ध्यानात असू द्यावी. न्यूट्रलमध्ये गाडी घरंगळते तेव्हा दातांवर इंजिनाचा भार नसतो, त्यामुळे या चाचणीत ब्रेकची ओढ, बेअरिंगांचा विरोध आणि तेलाची घुसळण एवढेच पकडले जाते. भाराखालच्या घर्षणाचा अंदाज चढ चढून आल्यावर हाउसिंगचे तापमान नोंदवून घ्यावा.

२. चाके उचलून हाताने फिरवा

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, मागची बाजू स्टँडवर घ्यावी, गिअर न्यूट्रल करावा आणि मगच हँडब्रेक सोडावा. एक चाक फिरवले की दुसरे उलट दिशेने फिरते. तो डिफरन्शियलचा, म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेचा, गुण आहे, दोष नव्हे. चाक फिरताना ठराविक जागी अडखळले किंवा सतत खरखर ऐकू आली, तर बहुधा ब्रेकचे शू (दाबून धरणाऱ्या पट्ट्या) ड्रमला (चाकाबरोबर फिरणाऱ्या भांड्याला) घासत आहेत असे समजावे.

गोव्याच्या हवेत याचे सर्वांत मोठे कारण हँडब्रेकची केबल हे असते. खारी, दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे केबल आवरणाच्या आत गंजते. आत बसून आपण लिव्हर खाली सोडतो, पण मागचा शू पूर्ण मागे येत नाही. माझ्या गाडीत डावा ड्रम असाच धरून राहिला होता. वीस किलोमीटर चालवून इन्फ्रारेड गनने पाहिले तर उजवा ड्रम ४५ अंश आणि डावा ७१. गन नसेल तर तळहाताची मागची बाजू ड्रमजवळ नेऊन अंदाज घ्यावा, लगेच टेकवू नये.

केबल बदलली, शूच्या टेकण्याच्या जागा घासून तिथे उष्णता सोसणारे ग्रीस बोटाच्या टोकाएवढे लावले आणि शू मॅन्युअलप्रमाणे बसवून घेतले. १९ सेकंदांचे २४ झाले. याचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. गाडी आणि आत बसलेले आम्ही दोघे मिळून वजन साधारण १,००० किलो. ताशी ४० वरून २० म्हणजे वेगात सेकंदाला ५.५६ मीटरची घट. त्यावरून आधीचा विरोध सुमारे २९३ न्यूटन आणि नंतरचा २३२ न्यूटन येतो. मधल्या ६१ न्यूटनांसाठी ताशी ४० च्या वेगाला जवळजवळ ०.९ हॉर्सपॉवर खर्ची पडत होती, आणि तीही इंजिनाकडे ३५ च असताना.

येथे मोह आवरावा लागतो. चाक अगदी मोकळे फिरावे म्हणून शू प्रमाणाबाहेर सैल केले तर पेडल खोल जाते आणि आणीबाणीत गाडी थांबत नाही. काम संपल्यावर आधी अंगणात आणि मग मोकळ्या रस्त्यावर ब्रेक तपासल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवण्याऐवजी ती गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावावेत.

३. मागच्या हाउसिंगचे तेल

क्राऊन-पिनियन ही या वाटेवरची सर्वांत खर्चिक जोडी. बहुतेक गाड्यांत पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेपेक्षा खाली बसवलेला असतो. या रचनेला हायपॉइड म्हणतात. तिचे दात एकमेकांवर नुसते टेकत फिरत नाहीत, तर घसरतही जातात. म्हणून तिथे जास्त दाब सोसणारे जीएल-५ दर्जाचे तेल लागते आणि तिथे ताकदही गिअरबॉक्सच्या एका जोडीपेक्षा जास्त जाते.

तेलाच्या डब्यावरचे आकडे नीट वाचावेत. ८०डब्ल्यू-९० मधला ‘डब्ल्यू’ असलेला आकडा गोठवणाऱ्या थंडीतल्या वागणुकीचा आहे. ८०डब्ल्यूची कसोटी उणे २६ अंशांवर होते. आपल्याकडे हिवाळ्याच्या पहाटेसुद्धा पारा साधारण २० अंशांच्या आसपास राहतो, त्यामुळे त्या आकड्यासाठी महागडे तेल घेण्यात फारसा लाभ नाही. पुढचा आकडा मात्र १०० अंशांवरच्या जाडीचा आहे आणि तो महत्त्वाचा. १४० ग्रेडची किमान जाडी ९० ग्रेडच्या किमान जाडीच्या जवळजवळ पावणेदोन पट असते. “आवाज कमी येईल” असे सांगून ९० च्या जागी १४० भरून देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. आवाज थोडा कमी येतोही, पण घुसळण वाढते. मॅन्युअलमध्ये १४० च लिहिलेले असेल तर मात्र स्वतःच्या बुद्धीने पातळ तेल भरू नये, कारण मग दातच झिजतात.

कामाचा क्रम असा: गाडी चालवून तेल गरम करावे, सपाट जागी उभी करावी आणि प्रथम वरचा भरण्याचा बोल्ट सैल करावा. तो सुटतो याची खात्री झाल्यावरच खालचा उघडावा. उलट केले आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला तर तेल ट्रेमध्ये, हाउसिंग रिकामे आणि गाडी जागेवरच, अशी अवस्था होते. खालच्या बोल्टवर चुंबक असेल तर त्यावरची बारीक करडी पेस्ट नेहमीची आहे. नखाएवढे तुकडे निघाले तर तिथेच थांबून जाणकाराला बोलवावे. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरलेले आहे.

भरताना भोकाच्या खालच्या काठापर्यंत तेल आले आणि थेंब गळू लागले की थांबायचे. “थोडे जास्त असलेले बरे” हा समज येथे महागात पडतो. मी एकदा हे काम बाहेर करून घेतले तेव्हा मागची बाजू जॅकवर उचललेली असतानाच तेल भरले गेले. घरी सपाट अंगणात बोल्ट उघडला तर जवळजवळ वाटीभर तेल माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. जादा तेल घुसळून फेसाळते, हाउसिंग तापते आणि मग तेल सील ओलांडून ब्रेकच्या शूवर उतरते. तसे झाले की प्रश्न ताकदीचा राहत नाही, जिवाचा होतो.

पिनियनचे सील गळत असेल तर ते बदलणे सोपे वाटते, पण त्याचा मधला नट बेफिकीरपणे आवळू नये. अनेक गाड्यांत त्या नटाखाली चेपली जाणारी नळी असते. ती जास्त चेपली गेली की बेअरिंगांवर कायमचा दाब बसतो, गाडी जड होते आणि बेअरिंगे जळतात. हे काम आणि क्राऊन-पिनियनमधल्या फटीची जुळणी ही दोन कामे मी स्वतः करत नाही.

४. ब्रीदर

हाउसिंगच्या वर अंगठ्याएवढी छोटी टोपी किंवा रबरी नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. आतली हवा तापून फुगली की ती येथून बाहेर पडते. ही वाट बंद झाली की दाब सीलवर येतो.

पावसाळ्यापूर्वी गंज टाळण्यासाठी गाडीला खालून काळा लेप मारून घेण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि ती योग्यच आहे. मीही मारून घेतला. महिनाभरात उजव्या चाकाच्या आतून तेल पाझरू लागले. सील बदलले, तरी पाझरणे थांबेना. अखेर हाउसिंगवर हात फिरवला तेव्हा लेपाखाली एक टेंगूळ लागले. तोच ब्रीदर होता, पूर्ण बुजलेला. खरवडून टोपी मोकळी केल्यावर ती बोटाने फिरू लागली आणि तेल थांबले. म्हणून लेप मारायला देताना ब्रीदर, प्रोपेलर शाफ्ट आणि ब्रेकच्या नळ्यांचे सांधे कागद गुंडाळून चिकटपट्टी लावून झाकून घ्यायला सांगावे, आणि झाकलेले आहेत की नाही ते स्वतः वाकून पाहावे.

पाण्यातून गाडी नेतानाही हीच जागा नडते. ओढ्यावरच्या बुडत्या साकवावरून जाताना तापलेले हाउसिंग एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. असे झाल्यावर त्याच आठवड्यात तेल तपासावे.

५. प्रोपेलर शाफ्ट आणि क्रॉस

क्रॉस जेव्हा कोनात फिरतो तेव्हा शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दहा अंशांच्या कोनाला हा चढउतार दीड टक्का असतो, वीस अंशांना सहा टक्क्यांच्या वर जातो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा दोष फेडतो, पण दोन अटींवर: शाफ्टच्या दोन्ही टोकांचे, क्रॉसला धरणारे काटे एका रेषेत असावेत आणि दोन्ही क्रॉसचे कोन समान असावेत.

पहिली अट मोडते ती शाफ्ट काढून बसवताना. सरकता सांधा एक-दोन दाते चुकून बसला की काटे रेषेत राहत नाहीत. म्हणून शाफ्ट उतरवण्यापूर्वी सांध्यावर आणि दोन्ही फ्लँजवर (जोडणीच्या चकत्यांवर) खिळ्याने ओरखडा किंवा पांढऱ्या रंगाची खूण करावी. दुसरी अट मोडते ती पाट्यांमुळे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगांमुळे. चिरे किंवा सुपारीची पोती वाहण्यासाठी मागे जादा पाटा घालतात, गाडीची मागची बाजू वर येते आणि पिनियनचा कोन बदलतो. मोबाइल गिअरबॉक्सच्या फ्लँजवर आणि मग पिनियनच्या फ्लँजवर टेकवून कोन वाचावा. दोन्ही एकमेकांना समांतर, फार तर एका अंशाच्या फरकाने असावेत. फरक जास्त असेल तर पाट्याखाली पाचरीच्या आकाराची पट्टी घालून तो सुधारता येतो. गिअरबॉक्सखालचे रबर बसले असेल तर ते आधी बदलावे, मगच कोन मोजावा.

क्रॉस तपासायला शाफ्ट दोन्ही हातांनी उलटसुलट पिळून पाहावा. खटखट लागली किंवा कपाभोवती गंजाची तांबूस पूड दिसली तर क्रॉस गेला. ग्रीसचे निपल असेल तर चारही कपांतून नवे ग्रीस डोकावेपर्यंत भरावे. पावसाळ्यात तांबड्या मातीचा थर शाफ्टच्या एकाच बाजूला वाळून बसतो आणि ताशी साठच्या पुढे गाडी थरथरते. मी एकदा जाणकाराकडे धावण्यापूर्वी पाण्याचा पाइप आणि काथ्याचा ब्रश घेऊन शाफ्ट धुतला. थरथर गेली, खर्च शून्य. त्यावर वेल्ड केलेले छोटे पत्र्याचे तुकडे समतोलासाठी असतात, ते घाण समजून उडवू नयेत.

६. गिअरबॉक्स

येथे तेलाच्या दर्जाची गल्लत टाळावी. हाउसिंगला जीएल-५ लागते म्हणून तेच गिअरबॉक्समध्ये ओतू नये. पितळी सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणारी कडी) असलेल्या अनेक गिअरबॉक्सना जीएल-४ सांगितलेले असते, आणि तिथे जीएल-५ घातले तर रिंगांची पकड बिघडते आणि गिअर करकरत पडतात. पातळीचा नियम तोच, भोकाच्या काठापर्यंत.

पारंपरिक रचनेच्या गिअरबॉक्समध्ये चौथ्या गिअरला इंजिनाचा शाफ्ट बाहेरच्या शाफ्टशी थेट जोडला जातो, भार कोणत्याच दातांवरून जात नाही. म्हणून गिअरबॉक्समधला सर्वांत कमी व्यय चौथ्यात होतो. पाचव्यात तो किंचित वाढतो, तरी इंजिन हळू फिरत असल्याने सपाट रस्त्यावर पेट्रोल पाचव्यातच वाचते.

७. क्लच

चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० च्या आसपास पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्यावा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग मागे राहिला तर प्लेट सरकत आहे. प्लेट बदलण्यापूर्वी पेडलचा मोकळा खेळ तपासावा. केबल फार ताणलेली असेल तर चांगली प्लेटही सरकते. फेरीबोटीच्या उतारावर रांगेत असताना क्लचवर गाडी तोलून धरण्याची सवय सोडावी.

८. फोर बाय फोर (चारही चाकांवर चालणारी गाडी) असेल तर

डांबरी रस्त्यावर गाडी दोन चाकांच्याच स्थितीत चालवावी. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर जोडून ठेवले तर वळणावर पुढचे आणि मागचे अ‍ॅक्सल एकमेकांविरुद्ध पिळले जातात. पुढच्या चाकांना फ्री-व्हील हब असतील तर ते मोकळे ठेवावेत, म्हणजे पुढचा अ‍ॅक्सल आणि शाफ्ट विनाकारण फिरत राहत नाही. मात्र अधूनमधून काही किलोमीटर जोडून चालवावे, जेणेकरून आतले तेल हलत राहील.

९. ज्यावर पैसे घालू नयेत

तेलात मिसळायच्या चमत्कारी बाटल्या घेऊ नयेत. चांगल्या तेलात लागणारी रसायने आधीच असतात. हलके फ्लायव्हील लावल्याने वेग घेताना फरक जाणवतो, पण ती घर्षणातली बचत नव्हे, आणि चढावर गाडी सुरू करणे अवघड होते. रुंद टायर तर उलट विरोध वाढवण्याचीच शक्यता अधिक.

१०. काम संपल्यावर

प्रत्येक बदलानंतर पहिल्या पायरीतली चाचणी पुन्हा करून वहीत तारीख, किलोमीटर आणि सेकंद लिहावेत. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने काय झाले ते कळत नाही. माझ्या वहीत ब्रेकनंतर २४, तेलाची पातळी आणि ग्रेड सुधारल्यावर २५, उजव्या बाजूचे खरखरणारे बेअरिंग बदलल्यावर २६ अशा नोंदी आहेत. आता दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये मी हीच फेरी करतो.

काढलेले तेल विहिरीच्या कडेला, कुळागरात (पोफळीच्या बागेत) किंवा वाळवंटी नदीच्या पात्रात ओतू नये. ते जुन्या डब्यात झाकण लावून साठवावे आणि वापरलेले तेल अधिकृतपणे घेणाऱ्याला द्यावे. पाणी किंवा पेट्रोल त्यात मिसळलेले असेल तर तो डबा वेगळा ठेवून तसे त्यावर लिहावे.